पट्टीबाई आणि पार्टिशनपलीकडचं गाणं

पट्टीबाई म्हणजे पहिली आणि पहिली म्हणजे पट्टीबाई. तेवीस वर्षं त्यांनी पहिलीच शिकवली, मध्ये एक दिवससुद्धा दुसरीला हात लावला नाही. तेवढ्या काळात शाळेच्या तीन मुख्याध्यापिका बदलल्या, पितळेची घंटा जाऊन विजेची बेल आली, लाकडी बाकांची लोखंडी बाकं झाली. बाई होत्या तिथेच होत्या. रडत आलेलं मूल वर्षाअखेरीस वाचत बाहेर पडतं, असं त्या स्वतः म्हणायच्या आणि पालकही म्हणायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यामागे काय म्हटलं जायचं ते सोडून द्या, तिथे कुणाला सोडतात?

नाव पडलं ते शब्दपट्ट्यांवरून. अक्षराला अक्षर लावत वाचणाऱ्या मुलाची एक अडचण असते. वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यामुळे काही शब्द असे पक्के व्हावे लागतात की दिसले रे दिसले की तोंडात आले. 'आणि', 'पण', 'मग', 'म्हणून', 'आहे', 'कुठे'. पानापानावर भेटणारे, आणि चित्र काढून न दाखवता येणारे. बदकाचं चित्र काढता येतं, 'म्हणून'चं काढून दाखवा! बाई त्यांना नजरशब्द म्हणत. असे एकशेचार नजरशब्द त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहून घेतले होते, आणि लिहिणारे होते त्यांचे यजमान.

यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं अक्षर असं की रस्त्यावरून जाणारा माणूस काही घ्यायचं नसलं तरी पाटी वाचायचा. बाईंना पहिली मिळाली त्याच वर्षी त्यांनी शर्टाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, काळ्या रंगात, जाड ब्रशने ह्या पट्ट्या बायकोला करून दिल्या. तेव्हापासून त्या वापरात होत्या. कडा मऊ पडल्या होत्या. 'म्हणून'च्या कोपऱ्यात रंगाचा एक थेंब सांडलेला होता, 'आहे'वर चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ होतं, 'पण'चा कोपरा कुणीतरी, बहुधा आता बारावीला असलेल्या कुणीतरी, चावून खाल्ला होता. बाई रोज सकाळी पट्ट्या पदराने पुसून घेत. पट्टी वर जायची, वर्ग ओरडायचा, पट्टी खाली यायची. वीस पोरं आणि एक आवाज. दाराशी उभा राहिलेला पालक बघतच राहायचा.

आणि मग त्या वर्षी शाळेत गाणीबाई आल्या.

वय तिशीच्या आतलं, केस आखूड, पायांत कापडी बूट, आणि खांद्याला चार तारांचं एक वाद्य. घरी वर्णन ऐकून यजमान म्हणाले, "म्हणजे गिटारचं पिल्लू म्हण की." पट्टीबाई हसल्या. पुढे वर्षभर त्या वाद्यावर हसण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

पहिलीच्या दोन तुकड्या. पूर्वी तो एकच मोठा वर्ग होता, मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकून त्याचे दोन केलेले. अलीकडे पट्टीबाईंची 'अ', पलीकडे गाणीबाईंची 'ब'. प्लायवूडमधून खोकला ऐकू यायचा, तिथे गाणं न यायला काय झालं? दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं:

मी आणि तू, तू आणि मी,
कुठे कुठे? इथे इथे!
मग मग मग, पण पण पण,
म्हणून म्हणून आपण सगळे जण!

चाल साधी. पण अशी चाल की एकदा कानात शिरली की भाडं न देता राहणारी. पट्टीबाईंनी 'कुठे'ची पट्टी वर केली, तर वर्गातून दोन आवाज आले, "कुठे कुठे?" आणि बाकीचे अठरा खिदळले. बाकांखाली पाय हलत होते. बाईंनी पट्टी टेबलावर आपटली. "इथे बघा! गाणी ऐकायला आलाय का शाळेत?"

एक मुलगी खरं बोलली. "हो."

पट्टीबाईंना राग आला असं त्या घरी म्हणाल्या. तो राग नव्हता, हेवा होता, आणि तोही साधासुधा नाही. सकाळी फाटकातून आत येताना 'ब'ची मुलं गाणीबाईंच्या हातांना लोंबकळताना दिसली की पट्टीबाई वाट बदलून जायच्या. पालक 'ब'च्या दाराशी मोबाइलवर गाणं टिपायला उभे राहिले की अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि 'अ'च्या मुलांनी मधल्या सुट्टीत तेच गाणं म्हटलं की त्या चहा अर्धा टाकून उठायच्या. चोपन्न वर्षांच्या बाईने आपल्या मुलीच्या वयाच्या बाईवर जळावं हे शोभत नाही, हे त्यांनाही कळत होतं. कळून काय उपयोग?

सगळ्यावर कडी म्हणजे भिंगरी. भिंगरी ही त्यांची नात, मुलाची मुलगी, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. ती यंदाच पहिलीत आली होती. सहा वर्षं पट्टीबाईंनी ह्या दिवसाची वाट पाहिली होती, की नातीला पहिला शब्द मी वाचायला शिकवीन. पण शाळेचा नियम असा की शिक्षकांच्या घरचं मूल त्यांच्या वर्गात बसवायचं नाही. भिंगरी गेली 'ब'मध्ये. संध्याकाळी चपला काढता काढता ती सुरू व्हायची, दात घासताना फेसासकट गायची, आणि आजी केस विंचरायला बसली की म्हणायची, "आमच्या बाईंचे केस असे आखूड आहेत, त्यांना विंचरावे पण लागत नाहीत."

"हो का," आजी म्हणायच्या, आणि फणी जरा जोरात फिरायची.

अशातच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोघींना खोलीत बोलावलं. मोठ्या बाई कामाचं बोलायच्या आणि लगेच दार दाखवायच्या. "पुढच्या वर्षी मुलं कमी आहेत. पहिलीची एकच तुकडी होईल. एकीला पहिली मिळेल, एकीला चौथी घ्यावी लागेल. कुणाला काय, ते वर्षअखेरच्या वाचनावर ठरवीन. मला दोघीही सारख्याच."

सारख्याच! पट्टीबाईंना तो शब्द झोंबला. तेवीस वर्षं आणि आठ महिने सारखे? चौथी म्हणजे भागाकार, नकाशे, आणि बाईंपेक्षा दोन बोटं कमी उंचीची, उलट बोलणारी मुलं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. ती चार वर्षं त्यांना पहिलीतच हवी होती. दुसरं काही त्यांनी आयुष्यात कुणाकडे मागितलं नव्हतं, आणि हेही मागायला लागेल असं वाटलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी भिंगरी गोष्टीचं पुस्तक घेऊन आजीजवळ आडवी पडली होती. पुस्तक नवं होतं, तिने आधी पाहिलेलं नव्हतं. आजींनी सहज एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता गं?"

शब्द होता 'म्हणून'. रोज दहादा गाते तो. भिंगरीने शब्दाकडे ओझरतं पाहिलं आणि छताकडे बघून गुणगुणायला लागली. मी आणि तू, तू आणि मी. मग थांबली.

"आजी, हा गाण्यात कितवा आहे?"

"कितवा म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या ओळीत की शेवटच्या? सांग ना. मग मी सांगते."

आजी उठून बसल्या. त्यांनी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, मग तिसऱ्या. भिंगरी दर वेळी गाणं पहिल्यापासून सुरू करी आणि मध्येच कुठेतरी अंदाजाने थांबे. ती वाचत नव्हती. तिला रांग पाठ होती, शब्द नव्हते. गाणीबाई गाणं फळ्यावर लिहून ठेवत, पण ते सुरू असताना डोळे फळ्याकडे असायची गरजच नव्हती, गाणं आपोआप पुढे जात होतं. आख्खी 'ब' तुकडी अशीच असणार!

पट्टीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी भिंगरीचा मुका घेतला.

गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या यजमानांनी चष्मा खाली केला. "नातीला वाचता येत नाही, आणि तू हसतेस?"

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

"मला एवढंच कळतं की पोरीला वाचता येत नाही," यजमान म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. पट्टीबाईंना क्षणभर लाज वाटायला हवी होती. ती त्यांनी नंतरसाठी ठेवली.

सोमवारी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. आधी हवापाणी झालं, मग नळाची तक्रार झाली, आणि दाराशी पोचल्यावर आठवल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "ते वाचनाचं म्हणत होतात ना मॅडम, मला वाटतं, शब्द क्रमाने विचारू नयेत. पट्ट्या पिसून घ्याव्यात आणि एकेका मुलाला पाच-पाच दाखवाव्यात. म्हणजे कुणावर अन्याय नको."

"चांगली सूचना आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण पट्ट्या कुणाच्या? तुमच्या तर तुमच्या मुलांनी रोज पाहिलेल्या. तोही अन्यायच की. नव्या करून घ्या, दोन्ही वर्गांनी न पाहिलेल्या. शब्द तेच."

"आमचे हे करून देतील की!" पट्टीबाई म्हणाल्या. उड्या मारायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

यजमानांनी बारा दिवस घेतले. हात आता पूर्वीसारखा स्थिर राहिला नव्हता, एक पट्टी रंगवून दोन मिनिटं बोटं चोळत बसायचे. पण अक्षर तेच होतं, पुठ्ठा पांढराशुभ्र आणि कडा सरळ कापलेल्या. शेवटची पट्टी वाळत ठेवून ते म्हणाले, "ह्या खेपेला एक थेंब सांडला नाही, बघ." बाईंनी पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या आणि नवऱ्याचं तोंडभर कौतुक केलं.

दरम्यान मोठ्या बाईंनी गाणीबाईंनाही सगळं सांगितलं. पट्टीबाई त्या दिवशी मुद्दाम शिक्षकांच्या खोलीत रेंगाळल्या, चेहरा कसा पडतो ते बघायला. पडला. गाणीबाई सरळ त्यांच्यापाशी आल्या.

"बाई, पिसून विचारायचं तुम्ही सुचवलंत?"

"हो. का, काही अडचण?"

"अडचण कसली! मी काल एकाला गाण्याच्या मधला शब्द विचारला. नाही सांगता आला. मग सगळ्यांना विचारत सुटले. बाई, माझी मुलं फळ्याकडे बघतच नाहीत. आठ महिने मला कळलं नाही. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"अनुभव," पट्टीबाई म्हणाल्या.

"तुमचे उपकार झाले बघा," गाणीबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. पट्टीबाईंना ते अजिबात आवडलं नाही. ज्याचं वाईट चिंतावं त्याने आपले आभार मानावेत यासारखी पंचाईत नाही. माणसाला धड जळताही येत नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र पट्टीबाईंचे सुखाचे गेले. पार्टिशनपलीकडचं गाणं मोडलं होतं. सुरू व्हायचं, अडखळायचं, बंद पडायचं. "मी आणि... पण! नाही, कुठे!" मग हशा, मग पुन्हा पहिल्यापासून. चाल तीच, पण शब्द भलत्या जागी येत होते. "तू मग मी, मी पण तू..." काहीच्या काही. पट्टीबाईंनी ऐकलं आणि मनात म्हटलं, बुडाली. अलीकडे त्यांचा वर्ग घड्याळासारखा चालू होता. पट्टी वर, वीस तोंडांतून एक शब्द, पट्टी खाली. आपल्या वर्गाची वेगळी तयारी करावी असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. येणार कसं? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात बाई गर्क होत्या.

वाचनाच्या दिवशी मोठ्या बाई पहिलीच्या छोट्या खुर्चीवर गुडघे वर करून बसल्या. गाणीबाई आणि पट्टीबाई भिंतीशी उभ्या. आधी 'अ'. पहिली मुलगी आली, बाईंची हुकमाची, वर्गात सगळ्यांच्या आधी ओरडणारी. मोठ्या बाईंनी पट्टी वर केली: 'म्हणून'.

मुलीने पट्टीकडे पाहिलं. मान तिरकी करून कोपऱ्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून पट्टी उलटी केली आणि मागची बाजू बघितली.

"अगं, वाच ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलगी पट्टीबाईंकडे वळली. "बाई, ही कोणती आहे? हिला थेंबच नाही."

पट्टीबाईंना वाटलं, ही एकटीच असेल. दुसरा आला, त्याला 'आहे' दाखवलं. तो बराच वेळ शोधत राहिला आणि म्हणाला, "चहावाली असती तर आलं असतं." तिसरी 'पण'वर 'खाल्लेली नाही' असं सांगून मोकळी झाली. ज्या जुन्या पट्ट्यांवर डाग नव्हते, कडा फाटल्या नव्हत्या, ते शब्द काहींना आले. दोघांनी अक्षर अक्षर लावून घाम गाळून वाचले. बाकी सगळ्यांचे डोळे पुठ्ठाभर फिरत होते, आणि अक्षरांवर तेवढे थांबत नव्हते. तेवीस वर्षं बाई पट्टी वर करत होत्या, आणि पोरं डाग वाचत होती.

शंभर पट्ट्यांपैकी एकेचाळीस बरोबर आल्या.

मग 'ब' आली. ह्या मुलांनी गाणं सोडलं नव्हतं. पट्टी समोर आली की आधी डोळे बारीक करून तिच्याकडे बघायचं, मग शब्द त्याच चालीत, हळू आवाजात म्हणायचा. पंधरा दिवस गाणीबाईंनी हेच केलं होतं. चाल ठेवली होती आणि शब्द पिसून टाकले होते. पुढचा शब्द कोणता येईल हे गाण्यालाच ठाऊक नाही म्हटल्यावर बघितल्यावाचून गाणार कसं? जे पट्टीबाईंना पलीकडून मोडल्यासारखं ऐकू येत होतं, ते वाचणं होतं.

भिंगरी सातवी आली. आजीकडे बघून तिने हात हलवला. तिला 'म्हणून' आलं. भिंगरीने पाहिलं, एका जागी उभी राहून पाहिलं, आणि दोन सुरांत म्हटलं, "म्हणून म्हणून." पुढच्या चारही आल्या.

नात वाचत होती. कुठल्याही आजीने पुढे होऊन तिला उचललं असतं. पट्टीबाई भिंतीशी उभ्या राहिल्या आणि त्यांना हेवा वाटला. गाणीबाईंचा तर वाटलाच, पण सख्ख्या नातीचाही वाटला, की हिला आलं आणि माझ्या वर्गातल्या मुलीला आलं नाही. स्वतःच्या मनाचं हे रूप पाहून त्या घाबरल्या, तरी हेवा काही हटला नाही. 'ब'च्या शंभरपैकी त्र्याऐंशी आल्या.

"तुमचीच सूचना होती," मोठ्या बाई जाताना म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

पहिली गाणीबाईंना मिळाली. पट्टीबाई चौथीवर गेल्या. एकशेचार जुन्या पट्ट्या त्यांनी पिशवीत भरून घरी आणल्या आणि कपाटावर टाकल्या. यजमानांनी एकदा विचारलं, "नव्या दिल्यास का त्यांना?" "त्यांच्याच आहेत आता," बाई म्हणाल्या. सुट्टी लागली. भिंगरी पुस्तकं वाचत होती, दिसेल ते वाचत होती, औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटामागचं. आजी भाजी निवडत ऐकत होत्या.

चौथीच्या पहिल्या दिवशी बाई वर्गात गेल्या आणि त्यांना जरा बरं वाटलं. अठ्ठावीस मुलं, त्यांतली अर्धी त्यांचीच, तीन वर्षांपूर्वीची. उंच झालेली, दात नवे आलेले. पहिल्या बाकावर 'राणी' बसली होती. हे नाव बाईंनीच पाडलं होतं, पट्ट्यांची राणी. पहिलीत पट्टी अर्धी वर जाते न जाते तोच हिचं उत्तर यायचं. बाईंना उचंबळून आलं. "चल, तूच वाच पहिला धडा," त्या म्हणाल्या.

राणी उभी राहिली. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं निम्मं. मग थांबली. शेजारच्या मुलीचे ओठ हलले आणि राणी पुढे वाचू लागली. पुन्हा थांबली, पुन्हा शेजारचे ओठ. पट्टीबाईंनी शेजारणीला गप्प बस म्हटलं. राणीचं बोट 'त्यांच्या' ह्या शब्दावर होतं. ते तिथेच राहिलं.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं. "तुला 'त्यांच्या' येत नाही? अगं, पहिलीत तू माझ्या एकशेचारच्या एकशेचार पट्ट्या सांगायचीस."

"अजून सांगेन," राणी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट बाईंना वाईट वाटू नये म्हणून ती समजावत होती. "तुमच्या पट्टीवरचं मला येतं, बाई. पुस्तकातलं येत नाही."

"मग तीन वर्षं काय करत होतीस?"

"ही सांगते, मी तिच्यामागून म्हणते."

दरवर्षी दुसरीच्या बाई कुरकुर करायच्या की काही मुलांना वाचता येत नाही. आणि दरवर्षी पट्टीबाई नाक वर करून म्हणायच्या, माझ्याकडून गेली तेव्हा सगळं येत होतं, तुम्ही काय केलंत ते बघा. पहिलीच्या पुढे गेलेल्या मुलाला पुस्तक वाचताना ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आज आली. अशा किती जणी शेजारणीच्या ओठांवर पुढे गेल्या असतील, ह्याचा हिशेब मांडायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या खुर्चीवर बसल्या. राणी समोर उभी होती. "जाऊ का बाई?" तिने दोनदा विचारलं.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्या जिना उतरून पहिलीच्या दाराशी गेल्या. पार्टिशन आता काढलं होतं. गाणीबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर वाद्य, भोवती नवी पोरं, आणि एक चिमुरडी त्यांच्या आखूड केसांत बोटं घालून उभी. पट्टीबाईंना तोच जुना हेवा वाटला. एवढं सगळं झालं तरी वाटला. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"बाई, जरा काम होतं," त्या म्हणाल्या. "चौथीतली एक मुलगी वाचायला अडलीय. मला ती चाल शिकवा. शब्द नकोत, नुसती चाल."

गाणीबाई पटकन उठल्या. "मी येऊ का वर? पाच मिनिटांत—"

"नको," पट्टीबाई जरा तोडूनच म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुलगी माझी आहे. मीच शिकवते."

दारातच उभ्या राहून त्यांनी चाल चारदा घोकली. गाणीबाईंनी दोनदा सुधारली. तिसऱ्यांदा सुधारायला त्या तोंड उघडणार होत्या, पण पट्टीबाईंचा चेहरा बघून त्यांनी नुसती मान डोलावली.

वर येऊन बाईंनी धड्याचं पान उघडलं, वहीतला कागद फाडून त्याचे तुकडे केले आणि त्यावर पानातले शब्द स्वतःच्या अक्षरात लिहिले. नवऱ्याच्या अक्षरापुढे ते अगदी गबाळं दिसत होतं. तुकडे पिसून त्यांनी बाकावर मांडले, घसा खाकरला आणि गायला सुरुवात केली. सूर पहिल्याच शब्दाला वर गेला आणि परत खाली आलाच नाही.

राणीने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून बाहेर आलंच. "बाई, तुम्हाला गाता येत नाही."

"नाही येत," पट्टीबाई म्हणाल्या. "तुला वाचता येत नाही. त्या खाली बसल्यात ना, त्यांना दोन्ही येतं. चल, बोट ठेव."